कामाचा दिवस संपतो तरी कधी?

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक मागणी वर्षानुवर्षे तशीच आहे. ‘डॉक्टर, संध्याकाळी अंगात त्राणच राहत नाही. एक सलाईन लावून द्या.’ मागणारे वेगवेगळे असतात. एसटीचा वाहक, शाळेतली शिक्षिका, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, अलीकडे गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेला पंचविशीतला मुलगासुद्धा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड तपासले जाते. कशात काही निघाले तर उपचार सुरू होतात. पण पुष्कळांच्या कागदांवर सगळे आकडे ठाकठीक असतात आणि तक्रार मात्र जिथल्या तिथे.

त्या बाटलीचा हिशेब एकदा मांडायला हवा. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तिच्यातून मिळणारी ऊर्जा साधारण एका केळ्याइतकी. साध्या नॉर्मल सलाईनमध्ये तेवढीही नाही. त्यात साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. म्हणजे ‘ताकदीची बाटली’ हे नाव तिला कुणी दिले असेल त्याने केळेवाल्यावर अन्यायच केला. तरीही बाटली लावून घेतल्यावर बरे वाटते, हे रुग्ण सांगतात ते खोटे नसते. कारण बाटली संपेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास तो माणूस खाटेवर आडवा पडलेला असतो. त्याला कुणी हाक मारत नाही, काही आणायला पाठवत नाही, फोन उचलता येत नाही म्हणून कुणी रागावत नाही. घरचे कुणी शेजारी बसून असते. हाताला सुई टोचलेली असल्याशिवाय अशी अर्धा तासाची मोकळीक ज्यांना मिळत नाही, त्यांच्या थकव्याचे मूळ रक्ताच्या तपासणीत सापडणे कठीण आहे.

दिवसभराचा ताण शरीरात काय करतो हे वैद्यकाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले की, संकट समोर आले की शरीर लढायच्या किंवा पळायच्या तयारीला लागते. अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, छाती धडधडते, रक्तदाब चढतो, पचन मागे पडते. त्यापाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि साठवलेली साखर रक्तात आणते. यात वाईट काही नाही. ही सोय नसती तर रस्ता ओलांडताना अंगावर आलेल्या रिक्षापासून कुणी वाचलेच नसते. महत्त्वाचे हे की ही सगळी तयारी उतरण्यासाठीच बनलेली आहे. रक्तातले अ‍ॅड्रेनॅलिन काही मिनिटांत ओसरते. कॉर्टिसॉलची पातळी निम्मी व्हायला तास-दीड तास लागतो. शिवाय कॉर्टिसॉलची रोजची एक भरती-ओहोटी असते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात ते शिखरावर असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. म्हणजे संध्याकाळी शांत होणे हा शरीराचा मूळचाच कार्यक्रम आहे. त्यासाठी वेगळी शक्ती बाहेरून आणावी लागत नाही. आड येणारे बाजूला करावे लागते.

आड येते ते बहुतेक वेळा आपले डोके. दुपारी तीन वाजता साहेबांनी चारचौघांत पाणउतारा केला, तो प्रसंग पाच मिनिटांचा. पण तो लोकलमध्ये पुन्हा घडतो, जेवताना घडतो, आडवे पडल्यावर तर नव्या संवादांसह घडतो. ‘तेव्हाच असं बोलायला हवं होतं’ या वाक्याने रात्रीचे बारा वाजवलेले लोक घरोघरी आहेत. शरीराला खरा प्रसंग आणि आठवलेला प्रसंग यांतला फरक फारसा कळत नाही. योस ब्रॉसहॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हाच मुद्दा सिद्धांत म्हणून मांडला. त्यांचे म्हणणे असे की, ताणाचा प्रसंग जेवढे नुकसान करतो त्याहून अधिक नुकसान त्याचे रवंथ आणि उद्याची धास्ती करतात, कारण त्यामुळे शरीर तासन् तास तयारीतच राहते. ब्रूस मॅकइवेन यांनी त्याआधी, १९९३ मध्ये, या सततच्या तयारीच्या झिजेला एक नाव दिले होते. ते नाव लक्षात ठेवायची गरज नाही, चित्र लक्षात ठेवावे: उभी असलेली गाडी, पण इंजिन चालूच. पेट्रोल जळते, इंजिन तापते, अंतर मात्र काहीच कापले जात नाही.

म्हणून विश्रांती म्हणजे केवळ काम थांबवणे नव्हे. जर्मनीतील मानहाइम विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ झाबीनं झोनेनटाग यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. शार्लट फ्रिट्झ यांच्यासह त्यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस सावरतो तो कोणत्या अनुभवांतून, याची एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात चार गोष्टी आहेत: कामातून मनाने सुटणे, शरीर सैल होणे, काहीतरी नवीन जमल्याचा आनंद आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणे. या चारांमध्ये सर्वाधिक अभ्यास पहिल्याचा झाला आहे. संध्याकाळी जे मनाने कामातून सुटतात ते दुसऱ्या दिवशी कमी थकलेले आणि बऱ्या मनःस्थितीत आढळतात. ही संशोधने बहुतांशी पाहणी आणि रोजच्या नोंदी अशा पद्धतीची आहेत, त्यामुळे कशामुळे काय झाले हे छातीठोकपणे सांगताना जपून बोलावे. पण अनुभवाशी ती जुळतात.

यातली तिसरी गोष्ट लोकांना चमत्कारिक वाटते. दमलेल्या माणसाने नवीन काही शिकायचे? पण लोकलच्या डब्यात उभ्याने टाळ वाजवत भजन म्हणणारी मंडळी पाहावीत. आठ-नऊ तास कारकुनी करून कल्याण-विरारकडे परतताना त्यांनी खरे तर पेंगायला हवे. ते अभंगाची चाल पकडतात, कोरसमध्ये सूर मिसळतात आणि उतरताना चढताना होते त्यापेक्षा ताजे दिसतात. कुणी संध्याकाळी कॅरम खेळते, कुणी कुंडीतल्या मिरचीच्या रोपाशी बोलत बसते, कुणी पन्नाशीत हार्मोनियमचा क्लास लावते. कामाने एक भांडे रिकामे केलेले असते. दुसरे भांडे भरलेलेच असते. त्याला हात लावला की दमणूक वाढत नाही, उलट हलकी होते.

उलट, ज्याला आपण आराम म्हणतो तो सोफ्यावरचा तास-दीड तास पाहा. अंगठा वर सरकत राहतो, तीस-तीस सेकंदांचे व्हिडीओ येत-जात राहतात, मध्येच बातम्या, मध्येच कुणाच्या परदेशवारीचे फोटो. मोबाइल हा सैतान आहे असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत बसण्याचे कारण नाही. एखादा चांगला चित्रपट किंवा मैत्रिणीशी मनमोकळा व्हिडीओ कॉल माणसाला सावरतोच. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गंमतीदार गोष्ट दिसली. दिवसभराने अधिक थकलेले लोक पडद्यासमोर बसण्याला ‘आपण टाळाटाळ करतोय’ असे समजत होते, त्याबद्दल त्यांना अपराधी वाटत होते आणि म्हणून त्यातून मिळू शकणारा विसावाही त्यांच्या पदरी कमी पडत होता. म्हणजे ज्यांना गरज जास्त त्यांना लाभ कमी. झोनेनटाग यांनी नंतर याच विसंगतीवर बोट ठेवले: ताण जितका जास्त, तितकी सावरण्याची गरज जास्त आणि नेमके तेव्हाच फिरायला जाण्याची, कुणाला भेटण्याची, वेळेवर झोपण्याची उमेद सर्वांत कमी. त्यामुळे ‘मनावर घ्या’ हा सल्ला दमलेल्या माणसाला देणे म्हणजे पाय मोडलेल्याला पळायला सांगणे. ज्याला मनोनिग्रह लागत नाही असेच उपाय संध्याकाळी टिकतात.

आपल्याकडे असे काही उपाय घराच्या उंबऱ्यावरच होते. बाहेरून आल्यावर चपला दारात, आधी पाय धुणे, कपडे बदलणे, मग चहा. दिवेलागणीला देवापाशी दिवा, मुलांची परवचा. यामागे पूर्वजांनी ताणाचे शरीरशास्त्र जाणले होते असा दावा करण्यात अर्थ नाही; पाय धुळीने माखलेले असत म्हणून धूत. पण त्याचा एक उपयोग नकळत होई. ‘बाहेरचे संपले, घरचे सुरू झाले’ ही खूण रोज त्याच क्रमाने शरीराला मिळे. ती खूण आता पुसली गेली आहे. करोनाकाळात जेवणाच्या टेबलावरच कार्यालय थाटले गेले आणि अनेकांच्या घरातून ते अजून उठलेले नाही. ज्यांचे काम घरून चालत नाही तेही सुटलेले नाहीत. शिक्षकांचा गट, आशाताईंचा गट, बँकेच्या शाखेचा गट, वॉर्डाचा गट. रात्री साडेदहाला ‘उद्या सकाळपर्यंत माहिती पाठवा’ असा संदेश येतो आणि खाली एकेक करून नमस्काराचे हात उमटू लागतात. ज्याने हात जोडला नाही त्याची नोंद वरिष्ठांनी घेतली असेल का, या विचारात एखाद्याची झोप जाते. संदेश वाचायला दहा सेकंद लागतात, पण उतरत चाललेले शरीर त्या दहा सेकंदांत पुन्हा तयारीत उभे राहते.

उंबरा नव्याने घालावा लागेल आणि तो साधाच असावा. निघण्यापूर्वीची पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी कागदावर लिहिण्यात घालवावीत. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये झालेल्या प्रयोगात ५७ तरुण सहभागी होते. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे ज्यांनी पुढे करायच्या कामांची यादी लिहिली ते, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटे लवकर झोपी गेले. यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. प्रयोग छोटा आहे, पण खर्च कागदाच्या कपट्याचा आहे. डोके एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा आठवून देते ते ती विसरली जाऊ नये म्हणून. कागदाने ती जबाबदारी घेतली की डोके सैल सोडते.

घरी पोहोचायच्या एक थांबा आधी उतरून चालत येणे हा दुसरा उपाय. दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यानेही मन हलके होते आणि स्नायूंनी वापरावी म्हणून रक्तात आणलेली साखर स्नायूंच्याच कामी येते. रिक्षाच्या रांगेत पंधरा मिनिटे चरफडत उभे राहण्यापेक्षा हे बरे. अर्थात पदपथ असले तर. आपल्या शहरांतले पदपथ हा आरोग्याचा विषय आहे हे महापालिकांना कधीतरी पटेल.

तिसरा उपाय श्वासाचा. याविषयी इतके अद्भुत दावे केले जातात की शहाणा माणूस बिचकतो. पण जे ठाऊक आहे ते पुरेसे आहे. मिनिटाला साधारण सहा श्वास, म्हणजे नेहमीच्या निम्म्याहून कमी, या गतीला हृदयाची लय आणि रक्तदाब नियंत्रित करणारी यंत्रणा एकमेकींशी जुळून येतात. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील संशोधक लुचानो बेर्नार्दी यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ निरोगी माणसांना लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळा श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली. धर्म कोणता, भाषा कोणती, शरीराला देणेघेणे नाही. लांब श्वास सोडण्याशी आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी रोज पाच मिनिटे असे महिनाभर वेगवेगळे श्वसनप्रकार लोकांकडून करवून घेतले. मनःस्थितीत सर्वाधिक सुधारणा दिसली ती उसाशासारख्या श्वसनाने. नाकाने श्वास आत, त्यावरच आणखी थोडा आत आणि मग तोंडाने सावकाश, लांबवर सोडायचा. ‘हुश्श’ करून टेकणाऱ्या आजीला हे शिकवावे लागले नव्हते.

खाण्यापिण्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. दुपारी एकला डबा खाल्लेला माणूस रात्री नऊपर्यंत उपाशी राहिला तर घरात होणाऱ्या भांडणाला निम्मी भूक जबाबदार असते. सहाच्या सुमारास मूठभर फुटाणे, शेंगदाणे किंवा एखादे फळ खावे. वडापाव रोजचा नको. चहातील कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री आठला घेतलेल्या कपातले निम्मे रात्री एकला रक्तात फिरत असते. एका कटिंगने आभाळ कोसळत नाही, पण झोप लागत नाही म्हणणाऱ्याने संध्याकाळचे चहा मोजून पाहावेत.

तंबाखू आणि दारूबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ताणाचे निमित्त पुढे करूनच त्या दोन्ही घरात येतात. तंबाखूची चिमूट, सिगारेट, बायकांची मिश्री, यांनी ‘डोकं शांत होतं’ असे वाटते. ते शांत होणे म्हणजे मागच्या चिमटीचा अंमल उतरल्याने सुरू झालेली तगमग थांबणे. तंबाखूने आधी खड्डा खणला, मग तोच बुजवला. दारूने झोप लवकर लागते हे खरे. पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप मोडते, घोरणे वाढते आणि सकाळ जड होते. थकव्यावर दारू घेणारा रोज थोडा अधिक थकून उठतो आणि त्या थकव्यावर पुन्हा दारू घेतो.

इथवरचे सगळे उपाय एक गोष्ट गृहीत धरतात: घरी आलेल्या माणसाचे काम संपलेले आहे. वर्तमानपत्रांत, पुस्तकांत, ध्यानाच्या अ‍ॅपवर ताणमुक्तीचे जे सल्ले येतात ते याच गृहीतावर उभे असतात, आणि अर्ध्या वाचकांच्या बाबतीत ते गृहीत चुकीचे असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. आणि मुळात घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच स्त्रियांच्या तुलनेत फार थोडे. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटे थोडी घटली. दरी तिथेच राहिली.

संध्याकाळी सहा-साडेसहाच्या गाडीत महिलांच्या डब्यात शिरले की हे आकडे दिसतात. मांडीवर पिशवी, हातात मटारच्या शेंगा किंवा मेथीची जुडी. मालिकांमधून, बातम्यांमधून या दृश्याचे कौतुक बरेच झाले. पण वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर ती बाई तेव्हा एका पाळीतून दुसऱ्या पाळीकडे निघालेली असते आणि दोन पाळ्यांमधली सुटीही तिने भाजी निवडण्यात घालवलेली असते.

याचा शरीरावर काय परिणाम होतो हे मोजले गेले आहे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ मारियान फ्रांकेनहॉइझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात व्हॉल्वो कंपनीतील स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. कामाच्या वेळात दोघांचीही शरीरे सारखीच ताणलेली होती. फरक पडला तो संध्याकाळी. पुरुष व्यवस्थापकांच्या ताणाच्या संप्रेरकांची पातळी काम सुटल्यावर उतरू लागली. स्त्री व्यवस्थापकांची चढीच राहिली. २०११ मध्ये लॉस एंजेलिसमधील ३० कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईवडील दोघेही नोकरी करणारे, घरात मुले. डार्बी सॅक्सबी, रेना रेपेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जोडप्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल दिवसभरात वेळोवेळी मोजले आणि घरात कोण काय करते याच्या नोंदी ठेवल्या. ज्या बायकांचे नवरे घरकामात अधिक वेळ देत होते त्यांचे कॉर्टिसॉल संध्याकाळी चांगले उतरत होते. नवऱ्यांचे कधी चांगले उतरत होते? जेव्हा ते स्वतः निवांत बसलेले असत आणि बायको निवांत बसलेली नसे.

हे वाक्य पुरुषांनी पुन्हा एकदा वाचावे. घरात एकाचा विसावा दुसऱ्याच्या खात्यातून वजा होत असतो, हे कुणाच्या मताचे नव्हे, लाळेच्या नमुन्याचे म्हणणे आहे. ३० कुटुंबे म्हणजे काही सारे जग नव्हे आणि लॉस एंजेलिस म्हणजे डोंबिवली नव्हे. तिथे निदान कपडे धुवायला, भांडी घासायला यंत्रे आहेत, पाण्याची वेळ सांभाळावी लागत नाही आणि बहुतेक घरांत सासू-सासऱ्यांची पथ्ये नसतात. इथे हा फरक कमी असेल असे मानायला काही आधार नाही.

तेव्हा ‘आई, तू स्वतःसाठी वेळ काढत जा’ हा मुलांचा आणि ‘योगासनं सुरू करा, ताई’ हा डॉक्टरांचा सल्ला ऐकून ती बाई हसते तेव्हा ते हसणे समजून घ्यावे. तिच्यासाठी उपचाराची चिठ्ठी वेगळ्या व्यक्तीच्या नावाने लिहायला हवी. पोळ्या ती करत असेल तर भाजी त्याने चिरावी, असेही नाही. पोळ्याच त्याने शिकाव्यात. आणि ‘मदत करतो’ हा शब्द सोडावा, कारण मदत मागावी लागते, तिची आठवण करून द्यावी लागते आणि ती आठवण ठेवणे हेही कामच आहे. गॅस संपत आलाय, धाकट्याची वही आणायचीय, उद्या पाणी येणार नाही, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोनच उरल्यात, ही यादी चोवीस तास जिच्या डोक्यात चालू आहे तिने कामातून मनाने सुटायचे तरी कसे? आठवड्यातून ठरावीक दिवस ही यादीच दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची. त्या दिवशी डाळ खारट झाली तर खारट खायची. ज्या घरात हे झाले आहे तिथे डोकेदुखीच्या गोळ्यांचा खप कमी झाल्याचे बायका स्वतःहून सांगतात.

दुसरे गृहीत कामाच्या तासांचे. २०२३ पासून उद्योगातली मोठी माणसे आठवड्याला ७० तास, मग ९० तास काम करण्याचे सल्ले देऊ लागली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेला हिशेब त्यांनी वाचला असता तर बरे झाले असते. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. त्यात मुंबई-पुण्यातला प्रवास धरलेला नाही. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तास आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० तास करण्याला मंजुरी दिली. आठवड्याची बेरीज सांभाळली जाईल, असे सांगितले जाते. पण शरीर आठवड्याची बेरीज करत नाही. त्याचा हिशेब रोजच्या रात्रीचा असतो. बारा तास काम, तीन तास प्रवास, राहिले नऊ. त्यात स्वयंपाक, जेवण, आंघोळ आणि झोप. विसावा कशातून काढायचा?

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायद्यात आणला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्येच लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले होते. खासगी विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले. कायदा येईल तेव्हा येईल. रात्री आठनंतर गटावर संदेश टाकायचा नाही, तातडीचे असेल तर फोनच करायचा, हा नियम कोणताही शाखाधिकारी, मुख्याध्यापक किंवा विभागप्रमुख उद्यापासून करू शकतो. फोन करायचा म्हटले की नव्वद टक्के तातडी आपोआप विरघळते. रुग्णालयांनाही हे लागू आहे. डॉक्टर आणि परिचारिकांच्या सलग पाळ्या हा अभिमानाने सांगण्याचा विषय राहिलेला नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. प्रत्येक थकवा हा ताणाचा नसतो. आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले आहे. त्यांना श्वसनाचे धडे नकोत, लोह हवे. जोराने घोरणारा, रात्री श्वास अडकून दचकून उठणारा आणि दिवसा बसल्या जागी डुलक्या घेणारा माणूस झोपेतील श्वासरोधाचा रुग्ण असू शकतो. वजन घटणे, तहान वाढणे, महिन्याभराचा बारीक ताप, चालताना छातीत दाटून येणे, यांपैकी काही असेल तर आधी तपासणी. आणि सुटीच्या दिवशीही उभारी येत नसेल, आवडत्या गोष्टींत मन लागत नसेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन डोक्यात काळेच विचार येत असतील आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर तो थकवा नाही, नैराश्य असू शकते, आणि त्याला औषध आहे. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवड्यांची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी बोलायचे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो, चोवीस तास लागतो आणि पलीकडून मराठीतही बोलता येते. डॉक्टरकडे जाल तेव्हा नुसते ‘थकवा येतो’ एवढेच सांगू नका. किती वाजता उठता, किती वाजता घरी पोहोचता, त्यानंतर काय काय करता आणि शेवटचा फोन किती वाजता येतो, तेही सांगा. आणि तुमचे डॉक्टर ते विचारायला विसरले, तर थांबवून सांगा.